उंच गाडी आणि बुटके शहाणपण

दिवाळीत भांडू नये, असे माझी आजी सांगत असे. लक्ष्मी दारापर्यंत येते आणि आतून भांडणाचा आवाज आला की उंबरठ्यावरूनच परत फिरते, असे तिचे म्हणणे. तरीही आज मी भांडायला बसलो आहे, आणि तेही लक्ष्मीच्याच कारणावरून. गेल्या काही वर्षांत आमच्या यवतमाळातल्या ओळखीच्या घरांतून लक्ष्मी ज्या वाटेने बाहेर पडताना मी पाहिली, ती वाट थेट मोटारीच्या शोरूमकडे जाते. उंबरठ्यावरून परत फिरलेली लक्ष्मी पुढच्या वर्षी पुन्हा येऊ तरी शकते. हप्त्यात बांधून दिलेली लक्ष्मी सात वर्षे येत नाही!

मी मोटारीचा शत्रू नव्हे, हे आधीच सांगतो. माझ्या दारात आज मोटार उभी आहे. माझे भांडण आहे ते तीन समजुतींशी. जुनी गाडी घेणे हे कमीपणाचे लक्षण, ही पहिली. गाडी उंच म्हणजे गाडी दणकट, ही दुसरी. आणि गाडी पारखावी ती रंगावरून आणि किलोमीटरच्या काट्यावरून, ही तिसरी. या तिन्ही समजुती शिकल्यासवरल्या घरांतच अधिक आढळतात. शेतकऱ्याच्या घरात त्या का आढळत नाहीत, ते पुढे येईलच.

आमच्या घरी मोटारीचा विषय निघाला तो हौसेने नव्हे. सौ. घाटंजी तालुक्यातील एका गावी शिक्षिका आहे. जायला चाळीस किलोमीटर, यायला चाळीस. आमच्याकडे याला ‘अप-डाऊन’ म्हणतात. शब्द रेल्वेचा आहे, पण या वाटेवर रेल्वे नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला, ती अडीच फुटी रुळांची गरीब गाय, थांबून वर्षे लोटली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या मोठ्या रेल्वेमार्गाची वाट पाहता पाहता एक पिढी नोकरीतून निवृत्त झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्या मार्गावरची गाडी वर्ध्याहून कळंबापर्यंत धावली. घाटंजीकडच्या शिक्षिकेला त्या गाडीचा उपयोग चिंतामणीच्या दर्शनापुरता!

येथे कोणी सद्गृहस्थ बोट वर करून म्हणतील, “बाईंनी शाळेच्या गावीच का राहू नये?” प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. गुरुजी गावात राहिले तर गावाचे भले होते, हे मला मान्य आहे. पण घरी ब्याऐंशी वर्षांची आई आहे, तिला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागते, आणि मुलगी बारावीला आहे. या दोघींना सोडून तिसरीने गावी राहावे असा निकाल ज्यांना देता येतो, त्यांनी तो जरूर द्यावा. मला तो देववला नाही.

दुसरे गृहस्थ म्हणतील, “एस.टी. नाही का?” आहे. १९४८ सालापासून एस.टी.ने या महाराष्ट्राला जे दिले, त्याचे ऋण कोणत्याही मोटारवाल्याने विसरू नये. सौ.नेही पहिली अकरा वर्षे एस.टी.च्याच खिडकीत बसून वह्या तपासल्या. पण २०२१ च्या अखेरीस संप सुरू झाला आणि तो मिटायला २०२२ चा एप्रिल उजाडला. त्या काळात अप-डाऊन करणाऱ्या सगळ्यांनी मिळेल ते वाहन धरले. सौ.ने स्कूटर धरली, आणि एकदा धरलेली स्कूटर संप मिटल्यावरही सुटली नाही, कारण शाळेची घंटा आणि बसची वेळ यांचे पूर्वीचे गणित पुन्हा काही जमले नाही.

मग एका श्रावणातल्या सकाळी, पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली न कळल्यामुळे, ती स्कूटर आडवी झाली. मनगटाचे हाड मोडले. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला, म्हणून मी आज हा लेख विनोदाच्या सुरात लिहू शकतो. ट्रक थांबला नसता तर? हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि पहाटेपर्यंत त्याचे उत्तर देण्याचे टाळले. दुसऱ्या दिवशी घरात सभा भरली.

सभेला आई होती, मुलगी होती, हातात प्लास्टर घातलेली सौ. होती आणि नागपूरहून खास आलेले माझे मेव्हणे होते. मेव्हणे म्हणाले, “भाऊजी, आता विचार काय करून राहिले? नवी कोरी उंच गाडी घ्या. वरून काच उघडणारी. दोन लाख भरा, बाकी बँक देते.” मी जुन्या गाडीचा विषय काढताच आईचे तोंड उतरले. “दुसऱ्यानं उतरवलेली गाडी काहून घेता बाबू? लोक म्हणतीन, एवढी नोकरी करून हेच का?”

लोक म्हणतील! वाचकहो, या दोन शब्दांनी आमच्या मध्यमवर्गाची जेवढी लूट केली आहे तेवढी पेंढाऱ्यांनी केली नसेल. पेंढारी निदान घोड्यावरून येत आणि लुटून निघून जात. हे ‘लोक’ कधी येत नाहीत, हप्ता कधी भरत नाहीत, आणि तरी आमच्या घरातला प्रत्येक मोठा खर्च तेच ठरवतात.

मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. तो येथे जसाच्या तसा देतो, कारण दिवाळीच्या फराळाबरोबर तो चार घरांत वाचला जावा अशी माझी इच्छा आहे. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत अकरा लाख. दोन लाख रोख, नऊ लाख कर्ज, मुदत सात वर्षे, व्याज नऊ टक्के. हप्ता येतो महिना सुमारे १४,४८०. चौऱ्याऐंशी हप्त्यांत भरायचे सुमारे १२ लाख १६ हजार, म्हणजे नुसते व्याज ३ लाख १६ हजार. आता पाच-सहा वर्षे वापरलेली त्याच जातीची गाडी घ्या. किंमत ५ लाख ४० हजार. ठेव मोडून तीन लाख रोख, उरलेले २ लाख ४० हजार तीन वर्षांच्या कर्जाने. जुन्या गाडीला बँक व्याज जास्त लावते, म्हणून बारा टक्के धरले. हप्ता सुमारे ७,९७०, आणि एकूण व्याज ४७ हजार. घेतल्याबरोबर दुरुस्तीला म्हणून ५० हजार बाजूला ठेवले, तरी सारा मामला साडेसहा लाखांच्या आत आटोपतो. नव्या गाडीचा तोच मामला चौदा लाखांवर जातो.

मेव्हणे म्हणाले, “पण नवी गाडी जास्त वर्षे टिकन ना!” अगदी खरे. नवीला हमी असते, तिच्या पोटात काय आहे याची चिंता नसते, आणि सात वर्षांनी तिची काही किंमत उरते. ज्याच्या गाठीशी पैसा आहे त्याने ती खुशाल घ्यावी. पण ज्याला ती सात वर्षांच्या कर्जावाचून घेता येत नाही, त्याने हे विसरू नये की आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो. कर्ज म्हणजे काय आणि ते घराचे काय करते, हे या जिल्ह्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. पांढऱ्या सोन्याच्या या मुलखात कापसाचा भाव पडला की कोणाच्या अंगणात काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शेतकऱ्याला कर्ज काढावेच लागते, कारण पेरणी थांबत नाही. पगारदाराने केवळ शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरावे म्हणून कर्ज काढणे, ही त्या शेतकऱ्याची थट्टा आहे.

आणि ‘दुसऱ्याची उतरलेली’ हा आक्षेप तरी काय आहे? आईला मी विचारले, “आई, आबांनी बैल कधी नवा घेतला होता काय?” आई हसली. आमचे आबा दारव्ह्याकडचे शेतकरी. त्यांनी जन्मात सात-आठ जोड्या घेतल्या, आणि त्यांतली प्रत्येक जोडी दुसऱ्याच्या दावणीचीच होती. बैलबाजारात गेलेला शेतकरी ‘हा बैल नवा आहे काय’ असे विचारीत नाही. तो बैलाचे तोंड उघडतो आणि दात मोजतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती यावरून वय ठरवतो. मालक काय वय सांगतो, ते तो एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने सोडतो. खूर पाहतो, खांद्यावर जुवाचा घट्टा पाहतो, शेपटीला हात लावून बैल बुजतो का ते पाहतो. मग त्याला चालवून, जमल्यास जुंपून पाहतो, आणि मगच दलालाच्या रुमालाखाली बोटे घालून भाव करतो. ही सारी विद्या आमच्या वाडवडिलांच्या हातात होती. एका पिढीत आम्ही शहरात आलो, शिकलो, आणि पाच लाखांची वस्तू पाच मिनिटांत, तिचा रंग पाहून घेऊ लागलो! शिक्षणाने माणूस शहाणा होतो हे खरे. पण कधी कधी तो नुसताच शिकलेला होतो.

आता दुसरी समजूत, उंचीची. ज्याला हल्ली कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर म्हणतात तो प्राणी मुळात कोण आहे? सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचा कर कमी केला आणि लहान कोणती याची व्याख्या केली. लांबी चार मीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सी.सी.पर्यंत, आणि डिझेलचे असेल तर १५०० पर्यंत. या मापात बसेल अशी उंच गाडी करण्याची कल्पना कारखानदारांना सुचली. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६ साली मारुतीची ब्रेझा, २०१७ साली टाटाची नेक्सॉन, २०१९ साली ह्युंदाईची व्हेन्यू आणि महिंद्राची एक्सयूव्ही ३००. मग तर रांगच लागली. या बहुतेक गाड्यांचा सांगाडा साध्या मोटारीचा आहे. इकोस्पोर्ट ही फिएस्टा नावाच्या मोटारीच्या हाडांवर उभी होती. जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. जीपची चारी चाके चिखलात ओढतात तशी ही ओढत नाही. थोडक्यात, ही उंच टाचांचे बूट घातलेली साधी मोटार आहे.

मग ती घ्यावी कशाला? येथे मी माझ्या प्रतिपक्षाला त्याचे माप देतो, कारण आमच्या जिल्ह्यात या टाचांना खरेच अर्थ आहे. आमची जमीन काळी. ही कपाशीची माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, तिला हातभर भेगा पडतात. अशा जमिनीवर केलेला रस्ता खालूनच हलतो. डांबर कितीही चांगले ओता, पाया हलला की वरचा थर उखडतो. वणीकडे त्यात कोळशाच्या ट्रकांचे वजन मिळते. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, आर्णी, उमरखेडावरून नांदेडकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग रुंद झाला, पांढरकवड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा तर आहेच. पण शाळा महामार्गावर नसतात. महामार्ग सोडून शेवटचे सात-आठ किलोमीटर जे असतात, तेथे साध्या लहान मोटारीचे पोट दगडाला लागते. जमिनीपासून १६०–१७० मिलिमीटर आणि १९०–२०० मिलिमीटर यांतला फरक कागदावर दोन बोटांचा आहे, पण इंजिनाखालचे तेलाचे भांडे फुटते ते त्याच दोन बोटांत. शिवाय आईला खाली वाकून गाडीत बसवणे आणि सरळ सीटवर टेकवणे यांतला फरक तिच्या गुडघ्यांना कळतो. म्हणून उंच गाडी घ्या, जरूर घ्या. पण ती टाचांसाठी घ्या, मिशांसाठी नको.

कारण उंचीचा गर्व जिवावर बेततो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी आमच्याच जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातील दहागावच्या नाल्यावरून वाहत्या पाण्यात एस.टी.ची बस वाहून गेली आणि माणसे दगावली. बस या कोणत्याही क्रॉसओव्हरपेक्षा कितीतरी उंच आणि कितीतरी जड असते. वाहत्या पाण्याला बसची उंची दिसली नाही, तर तुमच्या दोन बोटांच्या जादा उंचीची ते काय पत्रास ठेवणार? आणि उंच गाडीचा भार वर असतो, म्हणून ओल्या वळणावर ती बुटक्या गाडीपेक्षा जास्त झुकते. जाहिरातीत ती डोंगर चढताना दाखवतात. वळणावर तिचा वेग कमी केलेला मात्र कधी दाखवत नाहीत.

जाहिरातीतली दुसरी वस्तू म्हणजे ती वरची काच. मेव्हण्यांचा सारा जीव तिच्यात! अहो, ज्या गावी मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेथे माणूस घरावर पत्रा असेल तर त्यावर पऱ्हाट्या टाकतो, खिडकीला वाळ्याचे ताटे बांधतो, आणि हेच गृहस्थ लाखभर रुपये जादा देऊन मोटारीच्या छपराला भोक पाडून घेतात! पोरे त्या भोकातून डोके बाहेर काढून उभी राहतात आणि आईबाप कौतुकाने पाहतात. एकदा जोरात ब्रेक लागला की त्या कौतुकाचे काय होईल, याचा विचार कोणी करीत नाही.

त्या लाखात जे घ्यायला हवे ते वेगळेच आहे. जुनी गाडी घेताना एक तारीख लक्षात ठेवा. १ जुलै २०१९ पासून चालकापुढची हवेची पिशवी नव्या गाड्यांना सक्तीची झाली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ब्रेक दाबल्यावर चाके न अडकू देणारी ए.बी.एस. योजना. त्याआधीच्या स्वस्त नमुन्यांत या गोष्टी असतीलच असे नाही. तेव्हा दुकानदार ‘गाडी तीच आहे’ म्हणाला तरी नमुना कोणता ते विचारा. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे दिले तेव्हा आपल्याकडे प्रथमच लोक पत्र्याच्या मजबुतीबद्दल बोलू लागले. अशा चाचण्यांचे निकाल कोणालाही पाहता येतात. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्यांना एवढे जड जाऊ नये.

पेट्रोल की डिझेल, यावर आमच्या सभेत फार आरडाओरडा झाला. मेव्हणे म्हणाले, “डिझेल आता गेलं.” मी पुन्हा कागद घेतला. रोजचे ऐंशी किलोमीटर, वर्षाचे २४० दिवस, म्हणजे १९,२०० किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला सोळा गेली आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर १,२६,००० रुपये. डिझेलची वीस गेली आणि डिझेल ९२ धरले, तर ८८,३२०. वर्षाला ३७ हजारांवर फरक. पण हा हिशेब सौ.चा झाला. माझ्यासारखा, जो घर ते वाचनालय असे तीन किलोमीटर जातो, त्याने डिझेल घेतले तर तो फसला. कारण २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारी गाळणी असते, आणि ती साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग, चांगली तापून चालावी लागते. गल्लीतच फिरणाऱ्या गाडीची ती गाळणी तुंबते. तेव्हा डिझेल गेले की राहिले हे मेव्हणे ठरवीत नाहीत, रस्ता ठरवतो.

आता तिसरी समजूत, काट्याची. आम्ही पाहिलेली पहिली गाडी एका दलालाकडे होती. पांढरीशुभ्र, आत अत्तराचा वास, काटा ४१,०००. मी भुललो होतो, हे कबूल करतो. पण बरोबर दारव्हा रोडवरचे आमचे मिस्त्री होते. त्यांनी काटा पाहिलाच नाही. खाली बसून त्यांनी ब्रेकच्या पायदानाचे रबर पाहिले. ते गुळगुळीत झाले होते. “भाऊ, काटा खोटं बोलते. पायदान खोटं बोलत नाही.” मग आम्ही कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीघरात गाडीच्या क्रमांकावरून जुन्या नोंदी काढायला सांगितल्या. दोन वर्षांपूर्वीच तेथे ९२,००० ची नोंद होती! दलाल म्हणाला, “मीटर बिघडला होता, बदलला.” बैलबाजारातला दलालसुद्धा दात घासून बैल लहान करीत नाही हो!

मिस्त्रींनी मला त्या महिन्यात जे शिकवले ते थोडक्यात सांगतो. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर तेलात पाणी जात असल्याची शंका घ्यावी. बॉनेट आणि दारांचे नटबोल्ट पाहावेत, त्यांवरचा रंग खरवडलेला असेल तर ते कधीतरी उघडले गेले आहेत. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा आणि पायाखालचा गालिचा उचलावा. तेथे गाळाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात बुडालेली आहे. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यात पाणी इतके चढले की आनंदनगरच्या लोकांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. अशा पुरात माणसे वाचवता येतात, मोटारी नाही. आणि बुडालेल्या मोटारी धुऊन, पुसून, अत्तर लावून कुठल्या ना कुठल्या बाजारात उभ्या राहतातच. शेवटी खराब रस्त्यावर काच बंद करून, रेडिओ बंद करून, गाडी चालवावी आणि ऐकावे. आमच्या आबांच्या भाषेत, जुंपून पाहावे.

कागदांचेही तसेच. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदीचे आदेश निघाले तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. स्वस्त पाहून हुरळू नका. परराज्यातली गाडी येथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर ना-हरकत दाखला आणून एम.एच. २९ चा क्रमांक घ्यावा लागतो आणि कर पुन्हा भरावा लागतो. गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद पुस्तकात हवी. नाव बदलण्याचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज त्याच दिवशी भरून घ्यावेत आणि विमाही आपल्या नावावर करावा. विकणाऱ्यांनाही सांगतो, ‘नंतर करू’ म्हणून किल्ली देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे की ज्याच्या नावावर गाडीची नोंद, अपघाताच्या भरपाईला तो जबाबदार. गाडी विकून दोन वर्षे झाली तरी! आणि भाव करताना हेही बोला की २२ सप्टेंबर २०२५ पासून या लहान गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला आणि नव्यांचे भाव उतरले. नवी स्वस्त झाली तर जुनी महाग कशी, हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका.

आम्ही सहा गाड्या पाहिल्या, पाच सोडल्या, आणि सहावी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगणार नाही, मला कोणाची जाहिरात करायची नाही. एका निवृत्त अभियंत्याची, डिझेलची, काटा ६८,००० आणि नोंदीही ६८,००० च्याच. बॉनेटवर एक ओरखडा होता. त्यांनी तो मला स्वतः दाखवला, आणि त्याच क्षणी मी गाडी मनाने घेतली. जो माणूस दिसणारा ओरखडा झाकत नाही, तो न दिसणारा रोग झाकण्याचा संभव कमी. चार टायर, ब्रेक आणि पुढच्या चाकांचे काम मिळून ४६ हजार लागले.

आज सौ. त्या गाडीने जाते. एकटी नव्हे, वाटेवरच्या शाळांतल्या आणखी तीन शिक्षिका तिच्याबरोबर असतात आणि इंधनाचा खर्च चौघींत वाटला जातो. पावसाळ्यात नाल्यावर पाणी असले की चौघी अलीकडेच थांबतात आणि शाळेला कळवतात. उंच गाडी असून थांबतात, म्हणून एका तरुणाने त्यांना हसून दाखवले म्हणे. हसू दे बापडा. स्कूटर पडली त्या दिवसापासून सायंकाळी साडेपाचला माझे कान रस्त्याकडे लागत असत. आता ते फक्त आईचे लागतात, आणि तेही सुनेची गाडी फाटकातून आत आली की रविवारी आपल्याला चिंतामणीला न्यायचे ठरले आहे ना, हे विचारण्यासाठी.

मेव्हण्यांनी नवी घेतली. वरून काच उघडणारी. परवा भाऊबीजेचे बोलणे चालले होते तेव्हा म्हणाले, “भाऊजी, या वर्षी येणं जमत नाही. हप्ता आहे.” बहिणीकडे ओवाळून घ्यायला यायला ज्या गाडीमुळे जमत नाही, ती गाडी उंच असून काय करायची? माझे भांडण येथे संपले. मेव्हण्यांना निरोप धाडला आहे, की नागपूरहून एस.टी.ने या, स्थानकावर न्यायला जुनी गाडी येईल.